सही-शिक्क्याचे तास

टेबलावर दोन वह्या शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही डी. फार्म करणाऱ्या मुलांच्या, तीन महिन्यांच्या ट्रेनिंगच्या. पहिलीत रोज सकाळी ९ ते दुपारी ४. शाई एक, अक्षर एक, पेनाचा दाबसुद्धा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. सगळे रविवार भरलेले. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे बाजारपेठ दुपारी १२ नंतर चिडीचूप असते, तरी त्याही दिवशी ९ ते ४. दुसऱ्या वहीच्या कव्हरवर खोकल्याच्या औषधाचा चिकट डाग आहे. आत कुठे निळी शाई, कुठे काळी. एका तारखेसमोर नुसतं ‘ताप, आलो नाही’. आणखी एका पानावर: ‘चिठ्ठीतलं दुसरं औषध लागलं नाही. सरांनी डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारी उभा होतो.’

दोघांच्याही फॉर्मवर ५०० तास लिहिले गेले आणि दोघांनाही कागद सारखाच मिळाला. त्या कागदावर सह्या करणाऱ्यांच्या रांगेत मीही एक असल्यामुळे हा आढावा अधूनमधून कबुलीजबाबासारखा वाटला, तर वाटू द्या.

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. औषधं देण्याचा अधिकार मागणारा उमेदवार म्हणतो, ‘मी इतके तास काम शिकलो.’ ते खरं कशावरून मानायचं? पुस्तकी ज्ञान परीक्षेत तपासता येतं. पण म्हातारीला ‘ही अर्धी गोळी रात्रीची, सकाळची नाही’ हे तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगता येतं का, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. म्हणून जगभरच्या नियामकांनी तास मोजायला घेतले, आणि तास मोजायचे म्हटल्यावर ते लिहिणारा, त्यावर सही करणारा आणि त्या सहीवर विश्वास ठेवणारा अशी तीन माणसं आली. सगळी गंमत आणि सगळी गडबड या तिघांमध्ये आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बोलताना आपण ‘फार्मासिस्टचं लायसन्स’ म्हणतो. आपल्या कायद्यात लायसन्स दुकानाला असतं, १९४५ च्या औषध नियमांखाली, फॉर्म २० आणि २१ वर. माणसाची असते ती नोंदणी: १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे राज्याच्या रजिस्टरमध्ये चढलेलं नाव. (सरकारी जाहिरातीत याच माणसाला वर्षानुवर्षं ‘औषधनिर्माता’ म्हणत आले. काउंटरवर उभा राहून तो एक गोळीही निर्माण करत नाही, पण ते असो.) अमेरिकेत मात्र लायसन्स माणसालाही मिळतं आणि मुदत संपली की नूतनीकरणही त्याचंच होतं.

आपल्याकडे तासांचा पुरावा मागायची सुरुवात डिप्लोमाच्याही आधीची म्हणायला हवी. १९४८ चा कायदा आला तेव्हा शिकलेले फार्मासिस्ट थोडे होते आणि दवाखाने चालत होते ते कंपाउंडरांच्या जिवावर. बाटलीत मिश्रण भरून बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवणारा, पट्टीच्या एकेका खाचेवर एकेक डोस दाखवणारा तो माणूस. त्याला एकदम बेकायदा ठरवणं शक्य नव्हतं. म्हणून राज्याचं पहिलं रजिस्टर करताना कायद्याने एक दार उघडं ठेवलं: जिथे डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर नेहमी औषधं दिली जातात अशा ठिकाणी निदान पाच वर्षं औषधं तयार करण्याचं काम केलेल्यालाही नोंदणी मिळू शकत होती. पाच वर्षं केली हे सांगणार कोण? ज्याच्याकडे केली तो. म्हणजे मालकाच्या दाखल्यावर विसंबायची सवय या व्यवसायाला जन्मापासूनची आहे.

पुढे डिप्लोमा रुळला, आणि फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या १९९१ च्या शिक्षण नियमांनी तासांचा हिशेब बारकाईने घालून दिला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिल्यावर किमान ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांत पसरलेलं, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषधं देण्यात गेलेले. मुलांच्या भाषेत हा ‘पार्ट थ्री’. २०२० च्या नव्या नियमांनी अभ्यासक्रम बराच बदलला, पण ५०० चा आकडा आणि तीन महिन्यांची अट तशीच ठेवली.

या अटी जरा हातात घेऊन बघाव्यात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत साधारण ७८ दिवस होतात. ५०० ला ७८ ने भागा: रोज साडेसहा तासांपेक्षा थोडं कमी. त्यातले सव्वातीन तास काउंटरवर. नियम करणाऱ्याने इथे दोन कुलपं लावली आहेत. तासांची अट नसती तर मुलगा तीन महिने रोज अर्धा तास डोकावून गेला असता. महिन्यांची अट नसती तर ‘रोज १६ तास केले, महिन्याभरात संपवलं’ असं लिहून आणलं असतं. दोन्ही कुलपं एकदम उघडायला एकच किल्ली लागते, आणि ती म्हणजे खोटी वही. पहिल्या वहीत ९ ते ४ हे सात तास अगदी बेताने बसवलेले होते, ते उगीच नव्हे.

कागदाची रचनाही वाईट नाही. प्रशिक्षणाचा करारनामा कॉलेजने तीन प्रतींत द्यायचा. पहिला भाग कॉलेजच्या प्रमुखाने भरायचा, दुसरा विद्यार्थ्याने, तिसरा ज्याच्याकडे तो शिकणार त्याने. नियम त्याला ‘अप्रेंटिस मास्टर’ म्हणतात. एक भारदस्त, जवळजवळ कारागिराच्या घराण्यातला शब्द. प्रत्यक्षात तो गल्लीतला मेडिकलवाला असतो आणि मुलगा त्याला ‘काका’ म्हणतो. भरलेली एक प्रत कॉलेजात, उरलेल्या दोन मास्टरकडे किंवा मुलाकडे. प्रशिक्षण संपलं की मास्टरने चौथा भाग भरून किती तास झाले ते प्रमाणित करायचं, मग कॉलेजने पाचव्यावर सही करायची. एका ठिकाणी एकच नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर दोनच शिकाऊ. जास्त फार्मासिस्ट असतील तर प्रत्येकामागे एक वाढवता येतो.

आता यात भोक कुठे आहे ते पाहू. हा फॉर्म मागतो ती शेवटची बेरीज. रोजची वही हा कॉलेजा-कॉलेजाचा मामला: कुणी मागतं, कुणी मागत नाही, कुणी मागून न उघडता कपाटात ठेवतं. तीन महिन्यांनी एकदाच ‘५०० तास पूर्ण’ असं लिहिणाऱ्या माणसाला खरं आठवायची सोयच नसते. तो आकडा आठवणीतून येत नाही, नियमातून येतो. म्हणून फॉर्मवर नेमके ५०० असतात. ५०७ नाहीत, ५२३ तर नाहीतच. खरोखर काम केलेल्या कुठल्या माणसाचे तास इतके गोल भरतात?

दुसरं भोक मोठं आहे, आणि त्याचं नाव घ्यायला आमच्या व्यवसायात सगळे बिचकतात. औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. पण सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये आणि माणूस दुसऱ्याच गावात, हा भाड्याचा प्रकार महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? अशा दुकानात मुलगा समजा खरोखर तीन महिने रोज आला, सकाळी शटर उघडलं, रात्री बंद केलं. तास खरे, घाम खरा. पण देखरेख कुणाची? सही करतो तो फार्मासिस्ट मुलाला एकदाच दिसलेला असतो, सहीच्या दिवशी. तास खोटे असण्यापेक्षा हे मला जास्त वाईट वाटतं. कारण इथे मुलगा काहीतरी शिकतो, आणि जे शिकतो ते हेच.

मुलांना आणि दुकानदारांना बोल लावणं सोपं आहे. कॉलेजांचं गणित मांडलं की चित्र जरा बदलतं. ६० मुलांची तुकडी धरा. एकट्या फार्मासिस्टच्या दुकानात दोघेच बसणार, म्हणजे एकाच मोसमात ३० दुकानं हवीत, आणि ती अशी हवीत की तिथे फार्मासिस्ट खरोखर उभा असतो. एका तालुक्यात अशी दोन-तीन कॉलेजं असली तर? मग मुलं मामाच्या, मावशीच्या यजमानांच्या, वडिलांच्या मित्राच्या दुकानात जातात, आणि सही ही कौटुंबिक बाब होते. कॉलेजकडे हे ६० फॉर्म साधारण एकाच आठवड्यात येतात. ६० गुणिले ५००, म्हणजे ३०,००० तास. पाचव्या भागावर सही करायला मला एका फॉर्ममागे अर्धं मिनिट लागलेलं आहे. एकाही दुकानात न डोकावता.

या २५० तासांत नेमकं काय भरायचं असतं, ते जवळून पाहिलं तर कागदाची किंमत कळते. चिठ्ठी वाचणं हे पहिलं. मग मूल असेल तर वजन विचारून डोस पडताळणं. मग पट्टी कापणं. यातही रीत आहे: बॅच नंबर आणि मुदतीची तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राहील अशा बाजूने कात्री लावायची, नाहीतर उरलेल्या चार गोळ्या कुठल्या बॅचच्या आणि कधी संपणाऱ्या, कुणालाच सांगता येत नाही. नवखा मुलगा हमखास चुकीच्या टोकाने कापतो आणि पहिल्या आठवड्यात बोलणी खातो. मग पाकिटावर सूर्य-चंद्र काढणं: सकाळच्या गोळीला किरणं, रात्रीच्या गोळीला कोर. आणि मग शेड्यूल एच-१ चं रजिस्टर. १ मार्च २०१४ पासून ही यादी लागू झाली. तिच्यात वरच्या दर्जाची बरीच प्रतिजैविकं आहेत, क्षयरोगाची औषधं आहेत, सवय लावणारी काही औषधं आहेत. यातलं औषध दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

मला या रजिस्टरमध्ये आमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतं. ते रोजच्या रोज लिहावं लागतं, क्रमाने लिहावं लागतं, आणि औषध निरीक्षक येऊन पाहू शकतो या धाकाने लिहावं लागतं. शिकाऊ मुलाच्या वहीत ‘आज एच-१ च्या चार नोंदी केल्या’ असं असेल, तर त्या तारखेच्या चार ओळी मुलाच्या अक्षरात दुकानात सापडायला हव्यात. वही खरी की खोटी ठरवायला एवढी एक जोडणी पुरे. नवा कायदा नको, नवं पोर्टल नको. कॉलेजातल्या एका मास्तराने महिन्यातून एकदा मोटारसायकल काढायला हवी, एवढंच.

२०२२ मध्ये कौन्सिलने डिप्लोमावाल्यांसाठी नोंदणीआधीच्या परीक्षेचे नियम आणले: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. वहीतला खोटेपणा यातून चाळला जाईल, असं काही जण म्हणतात. परीक्षा हवीच. पण ती पाठांतर चाळेल. कात्री कुठल्या बाजूने लावली, हे तिला दिसणार नाही.

पदवीकडे वळलं की एक विसंगती समोर येते, आणि तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही. बी. फार्मच्या २०१४ च्या नियमांत सातव्या सेमिस्टरला १५० तासांचं ‘प्रॅक्टिस स्कूल’ आहे. कारखान्यातलं १५० तासांचं प्रशिक्षण नियमांतच ‘इष्ट’ म्हणून सोडलं आहे. काउंटरवरचे ५०० तास पदवीवाल्याकडे मागितले जात नाहीत, आणि तरीही तो त्याच रजिस्टरवर नोंदला जातो आणि त्याच काउंटरमागे उभा राहू शकतो. फार्म. डी. चं उलट. २००८ च्या नियमांनी आलेल्या या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातलं शेवटचं वर्ष पूर्ण रुग्णालयात जातं: सहा महिने जनरल मेडिसिन, मग आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने. तिथे कामाची नोंदवही ठेवायची असते, ती हाताखाली घेणाऱ्या शिक्षकाने तपासून प्रमाणित करायची असते आणि मूल्यमापन वेगळं होतं. कागदावर आपल्याकडची सर्वांत नीट व्यवस्था हीच. वॉर्डात रोज दिसणारा माणूस सही करतो, त्यामुळे ती बऱ्यापैकी चालतेही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, त्यामुळे एकच नियम सांगता येत नाही. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथला कायदा फार स्पष्ट बोलतो. इंटर्न फार्मासिस्टला परीक्षेच्या अर्जाआधी १५०० तासांचा अनुभव हवा. त्यातले किमान ९०० फार्मसीत, फार्मासिस्टच्या देखरेखीखाली. उरलेले ६०० पर्यंत व्यवसायाशी निगडित इतर कामाचे चालू शकतात. पुरावा म्हणजे बोर्डाने ठरवून दिलेलं प्रतिज्ञापत्र, आणि त्यावर सही करणारा फार्मासिस्ट खोट्या शपथेच्या गुन्ह्याची जोखीम पत्करून सही करतो. एका फार्मासिस्टने एका वेळी दोनपेक्षा जास्त इंटर्न हाताखाली ठेवायचे नाहीत, हेही आहे. दोनाचा आकडा तिथेही दोनच, हे वाचून मला बरं वाटलं. आपला नियम करणारा काही हवेत बोलत नव्हता. फरक आहे तो सहीच्या वजनाचा. अप्रेंटिस मास्टरने खोटी सही केली म्हणून त्याची नोंदणी धोक्यात आल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

आणि तरीही अमेरिकेतच ही प्रतिज्ञापत्रं हळूहळू मागे पडली. तिथल्या फार्मसी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मानकांनी अभ्यासक्रमातच सुरुवातीचे किमान ३०० तास आणि शेवटी ३६ आठवड्यांचे १४४० तास बसवले. बेरीज १७४०. कॉलेजच इतके तास करून घेतंय तर मुलाकडून वेगळा कागद कशाला, असा विचार पुढे आला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १ जानेवारी २०१६ नंतर मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतलेल्याचे १५०० तास झालेच असं धरलं जातं. म्हणजे कागदाचं ओझं मुलाच्या पाठीवरून उतरून संस्थेच्या पाठीवर गेलं. मला ही दिशा योग्य वाटते. संस्थेची मान्यता पणाला असते, मुलाकडे पणाला लावायला काय असतं?

या व्यवस्थेत आपल्या मुलांचं काय होतं? बाहेरच्या देशात शिकलेल्याला तिथे आधी एक समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांसाठी त्याची अट आहे निदान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची. आपली बी. फार्म चार वर्षांची. या एका अटीने पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या कितीतरी बी. फार्मवाल्यांची वाट बंद झाली आणि कितीतरी घरांत फार्म. डी. चे फॉर्म भरले गेले. ज्यांना ते प्रमाणपत्र मिळतं त्यांचा कॅलिफोर्नियातला पुढचा टप्पा म्हणजे इंटर्नचं लायसन्स आणि ते १५०० तास. तिथे कॉलेज पाठीशी नसतं, त्यामुळे प्रतिज्ञापत्राची जुनी पद्धत आज खऱ्या अर्थाने उरली आहे ती या परदेशी शिकलेल्यांपुरती. माझा एक विद्यार्थी तिथे आहे. ‘सर, दर महिन्याला कागद घ्यायचा,’ तो फोनवर म्हणाला. त्याने तास केलेल्या दुकानातला फार्मासिस्ट मध्येच नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात गेला, आणि न लिहून घेतलेल्या चार महिन्यांसाठी याला त्याच्या मागे फिरावं लागलं. इथे आठ वर्षांपूर्वी वही न लिहिण्याबद्दल बोलणी खाल्लेला हाच मुलगा.

ब्रिटनने हप्त्यांची युक्ती केली. तिथे ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण असतं आणि तेरा-तेरा आठवड्यांनी देखरेख करणाऱ्याला प्रगतीबद्दल लिहून द्यावं लागतं. वर्षाअखेरीस एकदम वर्ष आठवायची वेळ कुणावर येत नाही. बाहेरून आलेल्याला आधी एका वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आणि मग हे ५२ आठवडे. ऑस्ट्रेलियात इंटर्नचे १५७५ तास मोजतात.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने मात्र मुळावरच घाव घातला. तिथे पूर्वी परदेशी शिकलेल्यांना ठरावीक काळाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण होतं. त्याऐवजी आता प्रशिक्षित निरीक्षक उमेदवाराला खऱ्या फार्मसीत काम करताना थोडा काळ पाहतो आणि ठरवतो की याला येतंय की नाही. तासांची बेरीज गौण. तत्त्व म्हणून हे मला सगळ्यात पटतं. २० वर्षं कंपाउंडर राहिलेल्या माणसाला पुन्हा ५०० तास उभं करण्यात काय अर्थ आहे? पण आपल्याकडे असे निरीक्षक आणायचे कुठून, आणि त्यांना मामा-मावशीपासून दूर ठेवायचं कसं, हे मला सुचत नाही. तोवर तासच मोजायला लागणार, आणि मोजायचे तर रोज.

डाग पडलेल्या वहीचा तो मुलगा आज स्वतः अप्रेंटिस मास्टर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या दुकानात गेलो होतो. फ्रिजच्या बाजूला खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला, त्यावर कागद, सुतळीला बांधलेलं पेन. शिकाऊ मुलांनी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायची, पुढच्या रकान्यात दिवसभरात काय केलं ते एका ओळीत. रात्री गल्ला मोजून झाला की शटर ओढायच्या आधी हा त्यावर सही करतो. महिनाअखेरीला कागद काढून फोटो घेतो आणि मुलांना पाठवतो. मी होतो तेव्हा एका रकान्यात लिहिलेलं होतं, ‘इन्सुलिन बर्फाच्या पिशवीशिवाय दिलं, परत बोलावून दिली.’ त्याच्याकडे दोन मुलं होती. तेवढ्यात शेजारचे हार्डवेअरवाले भाच्याला घेऊन आले. कॉलेज सुरू व्हायच्या आत फॉर्म हवा होता, मुलगा रोज येईलच असं नाही म्हणाले, पण सही तर तुमचीच आहे. याने त्यांना चहा पाजला, आणि भाच्याला पुढच्या जूनमध्ये यायला सांगितलं.